स्थलांतराचा अर्ज पुढे सरकत नाही : खानदेशातील कुटुंबांना वारंवार येणाऱ्या अडचणी आणि त्यांवरील उपाय

मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला, त्याने आईवडिलांना कायमचे नेण्यासाठी अर्ज भरला, पावती आली आणि पुढे महिनोन्महिने काहीच हालचाल झाली नाही, अशी तक्रार जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यात आणि अलीकडे धुळे, शिरपूर, शहाद्याकडेही वारंवार ऐकू येते. तक्रार एकच असली तरी तिची कारणे एकसारखी नसतात आणि कारण न ओळखता केलेला उपाय बहुधा वाया जातो. ज्याचा अर्ज केवळ रांगेत आहे तो एजंटाला पैसे देऊन ‘फाइल हलवायला’ सांगतो. ज्याच्या कागदांत खरोखर तफावत आहे तो मात्र ‘येईल केव्हातरी’ म्हणून स्वस्थ बसतो. प्रत्यक्षात पहिल्याने स्वस्थ बसायला हवे आणि दुसऱ्याने तहसील कार्यालय गाठायला हवे.

पुढील विवेचन मुख्यतः अमेरिकी नागरिकाने आपल्या आईवडिलांसाठी किंवा भावंडांसाठी केलेल्या अर्जाविषयी आहे. कॅनडाच्या विद्यार्थी परवान्याचा उल्लेख ओघात येईल, परंतु त्याचे नियम वेगळे आहेत हे लक्षात ठेवावे.

फाइल कोणाच्या टेबलावर आहे?

हा अर्ज एकाच कार्यालयात सुरू होऊन तेथेच संपत नाही. मुलाने भरलेला आय-१३० हा अर्ज प्रथम अमेरिकेच्या स्थलांतर खात्याकडे, म्हणजे यूएससीआयएसकडे जातो. तो मंजूर झाल्यावर प्रकरण न्यू हॅम्पशायर राज्यातील पोर्ट्समथ येथील नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे एनव्हीसीकडे येते. तेथे शुल्क, डीएस-२६० हा अर्ज आणि सर्व दाखले जमा होऊन तपासले गेले की मग मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखतीची तारीख मिळते. यूएससीआयएस आणि एनव्हीसी यांचे क्रमांक वेगळे असतात आणि हातात कोणता क्रमांक आहे यावरून फाइल कोठे आहे हे बहुतेक वेळा कळते. यूएससीआयएसच्या पावतीचा क्रमांक तीन इंग्रजी अक्षरे आणि दहा अंक असा तेरा चिन्हांचा असतो. एनव्हीसीकडून मिळणारा मुंबईच्या प्रकरणाचा क्रमांक ‘बीएमबी’ या अक्षरांनी सुरू होतो. मुंबईचे जुने इंग्रजी नाव त्यात अजून टिकून आहे. हा बीएमबी क्रमांक आलेला असताना पहिल्या पावतीचा क्रमांक संकेतस्थळावर रोज टाकून पाहण्यात अर्थ नाही, कारण तेथे ‘मंजूर’ एवढेच दिसत राहणार.

येथे एक अडचण अगदी नेहमीची आहे. अर्ज जळगावातील एखाद्या एजंटाकडून भरून घेतलेला असतो आणि त्याने ई-मेल व मोबाइल क्रमांक स्वतःचे टाकलेले असतात. एनव्हीसीचा निरोप त्याच्याकडे जातो, तो पाहत नाही किंवा दुकान बंद करून सुरतेला गेलेला असतो, आणि घरचे लोक ‘अमेरिकेतून उत्तरच येत नाही’ असे म्हणत राहतात. त्यामुळे सर्वांत आधी, कोणत्याही खात्याला पत्र लिहिण्यापूर्वी, अर्जात कोणाचा ई-मेल आहे ते तपासावे आणि तो मुलाचा किंवा घरातील व्यक्तीचा करून घ्यावा. व्हिसा उपलब्ध झाल्याची सूचना मिळाल्यावर वर्षभर एनव्हीसीशी कोणताच संपर्क ठेवला नाही तर अमेरिकी कायद्यानुसार नोंदणी रद्द होऊ शकते. म्हणून निदान वर्षातून एकदा तरी एनव्हीसीकडील आपल्या ऑनलाइन खात्यात शिरून पाहणे आवश्यक आहे.

केवळ रांग असेल तर

अमेरिकी नागरिकाच्या आईवडिलांसाठी वार्षिक संख्येची मर्यादा नाही. मुलगा किंवा मुलगी एकवीस वर्षांची असणे पुरेसे आहे. मात्र आई आणि वडील यांच्यासाठी दोन स्वतंत्र अर्ज भरावे लागतात, आणि एकाच अर्जात दोघांचे भागेल असे समजून आईचा अर्ज राहून गेल्याची उदाहरणे घडतात. १ एप्रिल २०२४ पासून या प्रत्येक अर्जाचे शुल्क ऑनलाइन भरल्यास ६२५ डॉलर आणि कागदी अर्जासाठी ६७५ डॉलर झाले. शुल्क बदलल्यानंतर जुन्या रकमेसह पाठवलेला अर्ज परत येतो, हेही उशिराचे एक साधे पण वारंवार घडणारे कारण आहे.

भावंडांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी जगभरात मिळून वर्षाला ६५,००० व्हिसांची मर्यादा आहे, त्यावर कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळू नये अशी दुसरी अट आहे, आणि भारतीय अर्जदारांची संख्या पाहता ही प्रतीक्षा दीड दशकाच्या पलीकडे जाते. अर्ज दाखल झाल्याचा दिवस हा ‘प्रायॉरिटी डेट’, म्हणजे रांगेतील क्रम ठरवणारी तारीख, असतो. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ काढते, त्यात त्या प्रवर्गापुढे आणि भारताच्या रकान्यात दिलेली तारीख आपल्या तारखेच्या पुढे गेली की आपला क्रमांक आला. कधी ही तारीख मागेही सरकते, विशेषतः १ ऑक्टोबरला अमेरिकी आर्थिक वर्ष सुरू होण्याआधीच्या महिन्यांत. चोपड्यातील बहिणीचा अर्ज डेट्रॉइटच्या भावाने २०१४ मध्ये भरला असेल तर त्याची चौकशी करून, पत्रे पाठवून किंवा वकील गाठून तो आज पुढे येणार नाही. भुसावळच्या आउटरला थांबलेल्या गाडीच्या गार्डाला चहा पाजून सिग्नल मिळत नाही, तसाच हा प्रकार आहे. या काळात करण्यासारखे एकच काम असते, ते म्हणजे मुलांच्या वयाकडे लक्ष ठेवणे. एकवीस वर्षे पूर्ण झालेले मूल पालकांच्या अर्जातून वगळले जाते. मात्र आय-१३० जेवढे दिवस यूएससीआयएसकडे प्रलंबित होता तेवढे दिवस त्याच्या वयातून वजा करण्याची तरतूद आहे आणि व्हिसा उपलब्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत त्याच्या व्हिसासाठी पाऊल उचलणे बंधनकारक आहे. हा हिशेब कागदावर मांडून ठेवावा.

कागदांतील तफावत

माझ्या मते खानदेशातील आईवडिलांच्या प्रकरणांत जो उशीर खरोखर टाळता येण्यासारखा असतो, त्याचे मूळ येथे असते. म्हणून याविषयी सविस्तर लिहिणे गरजेचे आहे.

पहिली तफावत जन्मतारखेची. १९५० किंवा १९६० च्या दशकात खेड्यात जन्मलेल्या व्यक्तीला शाळेत घालताना गुरुजींनी वय जुळवण्यासाठी १ जून ही तारीख लिहून टाकली, आणि तीच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, निवृत्तिवेतनाच्या कागदांवर, आधार कार्डावर आणि पासपोर्टावर गेली. त्याच व्यक्तीची कोतवाल बुकातील, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतील, नोंद मात्र फेब्रुवारीतली निघते. आपल्याकडे ही गोष्ट सर्वांना ठाऊक असल्यामुळे तिचे कोणाला काही वाटत नाही. अमेरिकेतील अधिकाऱ्याला मात्र दोन जन्मतारखा दिसल्या की दोन व्यक्ती दिसतात. अशा वेळी पासपोर्टावरील तारीख शाळेच्या दाखल्याशी जुळत असेल तर ती बदलण्याच्या फंदात पडू नये. सर्व अर्जांत तीच तारीख लिहावी आणि दुसरी नोंद कशी निर्माण झाली याचे प्रतिज्ञापत्र शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यासह जोडावे. कोतवाल बुकाची नक्कल आपल्याकडे असताना ती लपवून ठेवण्याचा सल्ला काही लोक देतात, तो अत्यंत घातक आहे. महत्त्वाची बाब खोटी सांगून व्हिसा मिळवण्याचा प्रयत्न केल्याचा ठपका बसला तर अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते.

दुसरी तफावत नावाची, आणि ती आईच्या कागदांत अधिक असते. माहेरचे नाव एक, लग्नात ठेवलेले दुसरे, शिवाय मुलाच्या जन्मनोंदीत आत्याने किंवा दायीने सांगितलेले ‘बेबीबाई’ किंवा ‘ताईबाई’ हे तिसरे. मुलाच्या अर्जात आईशी असलेले नाते सिद्ध करणारा मुख्य कागद म्हणजे मुलाचा स्वतःचा जन्मदाखला. त्यावर आईचे नाव बेबीबाई असेल आणि पासपोर्टावर कल्पना असेल तर पुराव्याची मागणी करणारे पत्र येणार हे गृहीत धरावे. यासाठी दोन गोष्टी एकत्र कराव्या लागतात. आय-१३० आणि डीएस-२६० या दोन्ही अर्जांत पूर्वी वापरलेल्या इतर नावांसाठी स्वतंत्र जागा आहे. तेथे माहेरचे पूर्ण नाव आणि घरगुती नाव दोन्ही लिहावीत. ती जागा रिकामी सोडल्यामुळे साधी गोष्ट संशयास्पद होते. त्याबरोबर मुलाच्या जन्मनोंदीची दुरुस्ती करून घ्यावी. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ नुसार निबंधक मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्तीची नोंद घेऊ शकतात आणि नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात किंवा ग्रामपंचायतीत हे काम होते. राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात देणे हा अनेकांना सोपा मार्ग वाटतो. ती आजच्या बदलाची नोंद असते. पन्नास वर्षे वापरात असलेल्या नावाचा तो पुरावा होत नाही, म्हणून केवळ तिच्यावर विसंबून राहू नये.

आडनावाच्या इंग्रजी अक्षरांचेही तसेच आहे. झोपे हे आडनाव वडिलांच्या पासपोर्टावर ‘झेड’ने सुरू होते आणि मुलाच्या गुणपत्रिकेवर ‘जे-एच’ने, फेगडे कोठे ‘एफ’ने तर कोठे ‘पी-एच’ने, चौधरीची तर किमान चार रूपे एकाच घरात सापडतात. त्यात कित्येक घरांत शाळेत ‘पाटील’ आणि सातबारावर मूळ आडनाव, असा दुहेरी व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. अक्षरांतील किरकोळ फरकासाठी ‘ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत’ अशा अर्थाचे प्रतिज्ञापत्र पुष्कळदा चालून जाते. आडनावच वेगळे असेल तर मात्र वडिलांच्या शाळेचा दाखला, सातबारा किंवा फेरफार, आणि मुलाचा जन्मदाखला अशी साखळी जोडून दाखवावी लागते. ज्या वृद्ध स्त्रियांच्या जुन्या पासपोर्टावर आडनावाचा रकानाच रिकामा आहे त्यांनी पुढे जाण्यापूर्वी पासपोर्ट नव्याने काढावा, अन्यथा व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे नाव अज्ञात, असे छापले जाते आणि मग तेथे गेल्यावर बँकेपासून वाहन परवान्यापर्यंत सर्वत्र त्याचे स्पष्टीकरण देत बसावे लागते.

तिसरी तफावत जन्मस्थळाची, आणि ती खास आपल्या भागाची आहे. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. १९६० नंतर पूर्व खानदेश जळगाव झाला आणि पश्चिम खानदेश धुळे झाला. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. तळोद्यात १९५८ मध्ये जन्मलेल्या व्यक्तीच्या तीन कागदांवर अनुक्रमे पश्चिम खानदेश, धुळे आणि नंदुरबार असे तीन जिल्हे असू शकतात, राज्य कोठे मुंबई तर कोठे महाराष्ट्र, आणि त्यातील एकही चूक नाही. १९६० च्या राज्य पुनर्रचनेत पश्चिम खानदेशातील काही गावे गुजरातेत गेली, त्यामुळे निझर-उच्छलकडे जन्मलेल्यांच्या कागदांवर राज्यही बदलते. शिवाय पहिले बाळंतपण माहेरी होण्याची रीत असल्यामुळे रावेरच्या कुटुंबातील मुलाचा जन्म बुऱ्हाणपूरचा, म्हणजे मध्य प्रदेशातला, निघतो आणि पासपोर्टावर मात्र रावेर लिहिलेले असते. यातील जिल्ह्याच्या नावाचा प्रश्न सोपा आहे. आजचे नाव लिहून सोबत अर्ध्या पानाचे स्पष्टीकरण दिले की पुरते. बुऱ्हाणपूर आणि रावेर हा प्रश्न सोपा नाही, कारण तेथे पासपोर्टावरील नोंद खरोखर चुकीची असते, आणि ती मुलाखतीआधी दुरुस्त करून घेणेच श्रेयस्कर.

यासोबत विवाहाचा दाखला. वडिलांसाठीच्या अर्जात मुलाच्या जन्मदाखल्याबरोबर आईवडिलांच्या विवाहाचाही पुरावा लागतो, आणि १९७०-७५ च्या सुमारास झालेली लग्ने खेड्यापाड्यात कोणी नोंदवलेली नसतात. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार अशा जुन्या विवाहाची नोंदणी आजही विलंब शुल्क भरून करता येते. गावात ग्रामसेवक आणि शहरात नगरपालिका किंवा महापालिकेचे निबंधक ती करतात, तीन साक्षीदार लागतात आणि लग्नपत्रिका सापडत नसेल तर प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. प्रमाणपत्रावर आईचे लग्नाआधीचे आणि लग्नानंतरचे अशी दोन्ही नावे येतील याची खात्री त्याच वेळी करून घ्यावी. वर सांगितलेली नावाची अर्धी अडचण तेथेच मिटते.

जन्माची नोंदच सापडत नसेल तर

नोंदणीचा सध्याचा कायदा बहुतेक राज्यांत १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यापूर्वी जन्मलेल्या ग्रामीण व्यक्तीची नोंद नसणे ही अमेरिकी खात्यालाही नवलाची गोष्ट नाही आणि त्यासाठी पर्यायी पुराव्याची सोय आहे. क्रम मात्र पाळावा लागतो. ज्या गावात जन्म झाला त्या ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे शोधासाठी अर्ज करावा. नोंद मिळाली नाही तर तसे सांगणारे अनुपलब्धता प्रमाणपत्र नमुना क्रमांक १० मध्ये घ्यावे. ‘नोंद आढळत नाही’ असे साध्या कागदावर लिहून दिलेले उत्तर अपुरे पडते.

त्यानंतर तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष. जुनी जन्म-मृत्यू नोंद गाव नमुना १४ मध्ये असे, तिलाच सर्व जण कोतवाल बुक म्हणतात. जातीच्या दाखल्यासाठी ज्यांनी ते एकदा पाहिले आहे त्यांना त्याचे स्वरूप माहीत असते: आडवे मोठे पान, कडा झिजलेल्या, दिनांकाचा रकाना, बापाचे नाव, जात, आणि मुलाच्या नावाच्या जागी पुष्कळदा केवळ ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. नाव नसल्यामुळे ही नक्कल एकटी काहीच सिद्ध करत नाही. बापाचे नाव, गाव आणि वर्ष जुळत असेल, आणि त्या बापाला तेवढ्या वर्षात दुसरे अपत्य झालेले नाही हे भावंडांच्या कागदांवरून दिसत असेल, तर ती उपयोगी पडते. फार जुनी पाने मोडीत असतात. त्यांचे लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्यावे. मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर जोडावे लागते आणि भाषांतर पूर्ण व अचूक असून आपल्याला दोन्ही भाषा येतात असे भाषांतरकाराने सही करून लिहून द्यावे लागते.

शेवटी प्रतिज्ञापत्रे. जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन व्यक्तींची ती असावीत, म्हणजे साक्षीदार वयाने मोठा हवा. सत्तरीच्या आईसाठी ऐंशीच्या पुढची आत्या किंवा मावशी शोधावी लागते आणि ती तारीख सांगत नाही, ‘आखाजी झाली आणि दोन दिवसांनी ही झाली’ असे सांगते. नोटरीकडे टंकलेखन करणारा ते ऐकून न ऐकल्यासारखे करतो आणि पासपोर्टावरची १ जून तारीख टाकून देतो. तसे होऊ देऊ नये. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया एप्रिल-मे महिन्यात येते. साक्षीदार आठवते तेवढेच सांगत आहे आणि शाळेतील तारीख वेगळी का हे दुसऱ्या कागदावरून कळते आहे, असे प्रतिज्ञापत्र अधिक विश्वासार्ह ठरते. दोन्ही साक्षीदारांचे शब्द जसेच्या तसे एकमेकांशी जुळत असतील तर ते एकाच संगणकावरून निघाल्याचे कोणालाही दिसते.

जुन्या जन्माचा नवा दाखला करून घ्यावा का, असे पुष्कळ जण विचारतात. घाई करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. एक वर्षाहून अधिक विलंबाने होणाऱ्या नोंदणीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि असे बोगस दाखले दिले गेल्याच्या तक्रारींनंतर २०२५ च्या सुरुवातीला राज्य शासनाने ही प्रक्रिया थांबवून मार्चमध्ये नवी, अधिक कडक कार्यपद्धती लागू केली. एवढा सायास करून मिळालेल्या दाखल्यावर नोंदणीचा दिनांक चालू वर्षाचा असतो. सत्तर वर्षांपूर्वीच्या जन्माची नोंद अर्जाच्या तोंडावर झालेली पाहून अधिकारी पुन्हा शाळेचा दाखला आणि प्रतिज्ञापत्रेच मागतो.

पुराव्याची मागणी करणारे पत्र आल्यास

यूएससीआयएसकडून येणाऱ्या या पत्राला आरएफई म्हणतात. उत्तरासाठी जास्तीत जास्त बारा आठवडे मिळतात आणि मुदतवाढ मिळत नाही. उत्तर एकदाच द्यायचे असते. आज तीन कागद आणि पुढच्या महिन्यात उरलेले दोन, असे केल्यास पहिल्या तीन कागदांवरच निर्णय होतो. हे पत्र अमेरिकेतील मुलाच्या नोंदवलेल्या पत्त्यावर जाते, आणि त्याने घर बदलले असेल तर ते जुन्या पेटीत पडून राहते, म्हणून पत्ता बदलल्याची माहिती वेळेवर कळवणे त्याच्याच हिताचे आहे. पत्र हाती येताच तहसीलच्या नकलेसाठी अर्ज टाकावा, कारण बारा आठवड्यांतील सर्वांत मोठा वाटा तेथेच जातो. निवडणुकीची किंवा पंचनाम्यांची कामे चालू असतील तर अभिलेख कक्षात माणूस भेटत नाही, हे सांगायला नको.

चौकशी केव्हा आणि कोणी करावी

यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर प्रत्येक अर्जप्रकारासाठी जी मुदत दिसते तिचा अर्थ असा की अलीकडे ८० टक्के प्रकरणे तेवढ्या काळात निकाली निघाली. उरलेली २० टक्के त्याहून लांबलेली असतात, त्यामुळे ती मुदत उलटली म्हणजे काही बिघडलेच असे होत नाही. तेथेच पावतीवरची तारीख टाकली की कोणत्या दिवसानंतर चौकशी स्वीकारली जाईल तो दिवस दिसतो. त्याआधी केलेल्या विचारणेला ठराविक साच्याचे उत्तर येते. चौकशी अर्ज करणाऱ्या मुलाने करावी. भुसावळहून वडिलांनी केलेल्या फोनचा काही उपयोग होत नाही.

मुदत उलटूनही उत्तर मिळत नसेल तर एक विनाशुल्क मार्ग आहे, ज्याकडे आपले लोक क्वचितच वळतात. अमेरिकेतील प्रत्येक मतदारसंघाच्या काँग्रेस (तेथील संसद) सदस्याच्या आणि प्रत्येक राज्याच्या दोन सिनेटरांच्या कार्यालयात नागरिकांच्या अशा कामांसाठी कर्मचारी नेमलेले असतात. मुलाने माहिती देण्याची संमती दर्शवणाऱ्या नमुन्यावर सही करून दिली की ते कार्यालय खात्याकडे विचारणा करते. निर्णय काय घ्यावा हे ते सांगू शकत नाहीत, पण विसरली गेलेली फाइल शोधली जाते. याउलट आपल्याकडील आमदारांचे शिफारसपत्र घेऊन मुंबईच्या दूतावासात जाण्याची जी पद्धत आहे तिचा काडीमात्र उपयोग नाही. ते पत्र तेथे कोणी उघडतही नाही. अवाजवी विलंबाविरुद्ध अमेरिकेतील संघीय न्यायालयात दाद मागता येते, मात्र तो वकिलाचा आणि खर्चाचा विषय आहे आणि रांगेतील प्रकरणाला तो लागू पडत नाही.

कॅनडाच्या विद्यार्थी परवान्याबाबत थोडक्यात सांगायचे तर, भारतीयांसाठीची जलद प्रक्रिया ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बंद झाली, तेव्हा ‘वीस दिवसांत येतो’ हे जुन्या विद्यार्थ्यांचे बोलणे आता विसरावे. बोटांचे ठसे देण्याचे पत्र आल्यावर ३० दिवसांत ते द्यावे लागतात. अर्ज का अडला हे कळण्यासाठी तेथील माहिती कायद्याखाली पाच डॉलर भरून अधिकाऱ्याच्या नोंदी मागवता येतात. ती मागणी कॅनडात असलेल्या व्यक्तीकडून, विद्यार्थ्याच्या लेखी संमतीने करावी लागते.

मुलाखतीनंतरचा खोळंबा

मुलाखत झाली, पासपोर्ट परत मिळाला आणि हातात अमेरिकी स्थलांतर कायद्याच्या २२१(जी) कलमाचा, म्हणजे व्हिसा तूर्त रोखल्याचा, कागद पडला, तर अर्ज कायमचा फेटाळला गेला असे समजून घरात रडारड करू नये. त्या कागदावर काय मागितले आहे ते नीट वाचावे. एखादा दाखला मागितला असेल तर कागदावर सांगितलेल्या पद्धतीनेच तो जमा करावा. वर्षभरात दिला नाही तर पुन्हा शुल्क भरून नव्याने सुरुवात करावी लागते. काहीच मागितले नसेल आणि केवळ प्रशासकीय तपासणी असे लिहिले असेल तर वाट पाहण्यावाचून उपाय नाही. नाते कागदांवरून सिद्ध होत नसेल तर अधिकारी डीएनए चाचणी सुचवू शकतो. ती त्याने सुचवल्यावर आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेमार्फतच करायची असते; जळगावातून आपल्या मनाने करून नेलेला अहवाल ग्राह्य धरला जात नाही. मुलाचे उत्पन्न अपुरे ठरल्यामुळेही प्रकरण येथे अडते: आय-८६४ या हमीपत्रासाठी कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या दारिद्र्य मर्यादेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावे लागते, आणि ते नसेल तर दुसरा हमीदार उभा करता येतो.

वृद्ध आईवडिलांच्या बाबतीत वैद्यकीय तपासणीचा विलंब वेगळा लक्षात घ्यावा. तपासणी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. छातीच्या एक्स-रेमध्ये जुन्या क्षयरोगाचा डाग दिसला, मग तो तरुणपणी बरा झालेला का असेना, तर थुंकीचे तीन नमुने घेऊन त्यांचे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) करतात आणि त्या अहवालाला आठ आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. जुने उपचारपत्र आणि पूर्वीचे एक्स-रे जपून ठेवले असतील तर सोबत न्यावेत; कल्चर टळेल याची खात्री नाही, परंतु डॉक्टरांना तुलना करता येते.

तपासणीची मुदत साधारण सहा महिन्यांची असते आणि व्हिसाची मुदतही तिच्याशी बांधलेली असते, म्हणजे त्या दिवसांत अमेरिकेत प्रवेश करणे आवश्यक होते. रावेर-यावलकडे केळीची बाग कापणीवर आलेली असताना तपासणी उरकून घेणाऱ्यांची नंतर फार धावपळ होते. मुलाखतीचा दिवस दूतावासाला कळवून पुढे ढकलता येतो, परंतु नवी तारीख कधीची मिळेल हे आपल्या हातात नसते. त्यामुळे बागेचा हंगाम, शेत वाट्याने द्यायचे असल्यास त्याचा करार आणि पासपोर्टाची उरलेली मुदत पाहून मगच तपासणीची तारीख घ्यावी, आणि व्हिसा लावलेला पासपोर्ट हाती येईपर्यंत विमानाचे तिकीट काढू नये.